फुप्फुसांच्या नावाने चांगभलं

फुप्फुसांच्या रुग्णांसाठी निधी उभारावा असा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो दिवाळीपर्यंत दाबून ठेवावा. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासूर उभे राहतात, आणि गर्दी, ध्वनिक्षेपक व प्रायोजक असे आयते एकत्र सापडणे एरवी कठीण असते.

आपला नरकासूर शेजारच्या वाड्यातल्यापेक्षा निदान हातभर उंच असावा. पोटात सुके गवत आणि रद्दी भरावीच, पण फटाके भरतानाही हात आखडता घेऊ नये; शेवटी कार्य रुग्णांचे आहे. पहाटे तो पेटला की धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाका-घशाला न जुमानता थेट वायुकोशांपर्यंत उतरतात, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण रात्र जागवली त्यांना आपला उपक्रम घरपोच मिळतो, आणि खोकल्याच्या रूपाने त्याची पोचपावतीही लगेच येते. गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांना बंदी करणारा कायदा 1997 सालीच केला असल्यामुळे, नरकासुराशेजारी ‘येथे धूम्रपान करू नये’ असा फलक अवश्य लावावा. नरकासूर काही ओढत नाही. तो फक्त सोडतो.

भाषणात सिगारेटवर भरपूर बोलावे. आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करून कायमची धाप लावणारा फुप्फुसांचा आजार, होतो, हे मात्र सांगू नये. श्रोत्यांची सहानुभूती विनाकारण पसरते. वाड्यावरचे एखादे रुग्ण आजोबा असतील, तर त्यांना व्यासपीठावर बोलवावे. चार पायऱ्या चढल्यावर त्यांना श्वास जुळवायला जो वेळ लागेल, तेवढ्यात प्रायोजकांची नावे वाचून होतात.

आता देणगीचे पाहू. इनहेलर देण्याच्या फंदात पडू नये. तो मुठीत मावतो, महिन्याभरात संपतो आणि त्यावर देणगीदाराचे नाव कोरायला जागाच नसते. शास्त्रशुद्ध श्वसन-व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट नेमला तर रुग्णाची धाप खरोखरच कमी होते, पण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि फीत कुठे कापावी हा प्रश्न उरतो. त्यापेक्षा प्राणवायू देणारे यंत्र बरे: मोठे असते, पांढरे असते, हार घालता येतो. ज्याला घरी कायमचा प्राणवायू लागतो, त्याला तो दिवसातून निदान 15 तास घ्यावा लागतो, आणि तेवढे तास यंत्र चालले की विजेचे बिलही तसेच येते. ते भरण्याचे पुण्य आपण रुग्णाच्या मुलासाठी राखून ठेवावे.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन असतो. ध्वनिव्यवस्था, शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि पहिल्या तीन नरकासुरांची बक्षिसे वजा जाता तोवर काही शिल्लक राहिलेच, तर त्याचा धनादेश त्या दिवशी द्यावा. खरा धनादेश लहान असला तरी पुठ्ठ्याचा मोठा करून घ्यावा. आजोबा एव्हाना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल झाले असतील, तर सगळ्या समितीने तिथे जावे. छायाचित्रापुरता त्यांना प्राणवायूचा मास्क बाजूला करायला सांगावा, कारण त्याच्याआड लाभार्थी हसतो आहे की नाही ते कळत नाही.