जत्रेत कॅमेरा घेऊन जाताय ना? मग पहाटेपर्यंत थांबा

कोकणात जत्रांचा मोसम तोंडावर आलाय. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, मग गावोगावच्या जत्रा, पुढे देवीचा कौल मिळेल तेव्हा आंगणेवाडी, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. आणि मोबाइलवर पुन्हा दशावतारी नाटकांच्या त्याच क्लिपा फिरायला लागतील. दोन राजे तलवारी घेऊन गिरक्या घेतायत, झांज टिपेला पोचलीय, तीस सेकंदांत खेळ खलास.

त्या क्लिपा मीही बघतो, आवडीनं बघतो. पण चौदा मोसम हौसेनं दशावतार शूट केल्यावर एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. युद्ध पुढच्या वर्षीही तसंच होईल. त्याच्या आधी अर्धा तास राजा जे बोलला, ते पुन्हा कधीच होणार नाही. आणि नेमकं तेच आपण शूट करत नाही.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नाटक कंपनी संध्याकाळी गावात येते, पेटारे उतरतात, देवळाच्या आडोशाला आरसा टेकवून जो तो आपापलं तोंड रंगवायला बसतो. तिथेच आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय करणार ते ठरतं. पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या आसपास आडदशावतार, म्हणजे मुख्य नाटकाआधीचा पूर्वरंग, सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि वेद चोरणारा काळा संकासुर, तो अस्सल मालवणीत बोलून मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, जमलेल्या सगळ्यांना हसवतो. नावात दहा अवतार असले तरी नंतर रात्रभर पुराणातलं एकच आख्यान चालतं. राजे, ऋषी, दैत्य शुद्ध प्रमाण मराठीत बोलतात, तेही तिथल्या तिथे रचून. एक लाकडी बाक असतो. तोच सिंहासन, तोच रथ, तोच कैलास. बाजूला पेटी, मृदंग, झांज. बस्स.

मी नऊ वर्षांचा असताना आजोळी, कुडाळ तालुक्यात, चटईवर आजीला टेकून पहिल्यांदा हे बघितलं. त्या रात्री एका राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणाऱ्या, नटानं बाकावर पाय ठेवून समोरच्या ऋषीला धर्म म्हणजे काय ते विचारलं होतं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्या माणसाचा झालो. कोणी क्रिकेटवाल्याचा असतो, कोणी सिनेमावाल्याचा, मी त्यांचा. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. मुंबईला नोकरीला लागल्यावरही त्यांची कंपनी कुठे आहे ते गावाकडून विचारून घ्यायचो आणि शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायचो.

पहिला कॅमेरा घेतला तो त्यांच्यासाठीच. तो एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी आपोआप थांबायचा. युरोपात तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर वेगळा कर लागायचा म्हणून कॅमेरा कंपन्यांनी ती मर्यादा घातलेली. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच रात्री राजाचं भाषण ऐन रंगात असताना कॅमेरा थांबला आणि माझ्या लक्षात आलं तोवर चार-पाच मिनिटं गेली. ती गेलेली मिनिटं मला आजही टोचतात.

नवीन लोकांना कामाचं सांगतो. पन्नास एमबीपीएसला (सेकंदाला पन्नास मेगाबिट) एका तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे सहा तासांच्या रात्रीला 135 जीबी. कार्ड तेवढं घ्या. फ्रेम रेट 25 आणि शटर 1/50 ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकतं. पहाटे दंव पडतं, लेन्सवर धुकं धरतं, सुती फडकं जवळ असू द्या. आणि कॅमेऱ्यापेक्षा जास्त जीव आवाजात घाला. लाउडस्पीकरसमोर मोबाइल धरून जे मिळतं ते फुटकंच येतं. नाटक कंपनीच्या मालकांना विचारून एक छोटा रेकॉर्डर पेटीजवळ ठेवा. विचारून, हे महत्त्वाचं. ही माणसं पेटारे वाहत, रोज वेगळ्या गावात जागून पोट भरतात. सगळं नाटक न विचारता नेटवर टाकणं मला चोरीच वाटते. मी फाइल कंपनीला देतो. त्यांनी हो म्हटलं तरच पुढे.

आवाजाचं मला शिकवलं ते एका जानेवारीतल्या रात्रीनं. पहाटे तीनच्या सुमाराला वीज गेली. मांडात गुडुप अंधार. पोरं मोबाइलचे टॉर्च शोधायला लागली, मागून कोणी गॅसबत्ती आणायला धावलं. माझ्या स्क्रीनवर नुसता काळोख. त्या रात्री माझा राजा दैत्य झाला होता. तो एक क्षणही थांबला नाही. अंधारातून आवाज आला, "माझं नाव ऐकून या गावचे दिवे विझले, देवांची काय कथा!" पेटीवाल्यानं लगेच सूर दिला, मृदंगावर थाप पडली, आणि पुढची चाळीस मिनिटं अंधार हाच त्या नाटकाचा विषय झाला. दैत्य म्हणाला, उजेड ही देवांची मक्तेदारी का? नारद म्हणाला, ज्याला स्वतःचा हात दिसत नाही त्यानं राज्य मागू नये. कुठल्याही पोथीत ही वाक्यं नाहीत. ती त्या रात्री जन्मली आणि गॅसबत्ती आली तशी संपली. माझ्याकडे चित्र नाही. आवाज आहे, स्वच्छ.

ट्रिकसीनच्या नाटकांवर टीका करणाऱ्यांत मी नाही. धूर, लाइट, आकाशातून उतरणारा देव, लोकांना आवडतं आणि कंपनी जगते. पण तिथेही कान उघडे ठेवा, एवढंच.

गेल्या मे महिन्यात माझ्या त्या राजाच्या घरी गेलो. आता ते उभे राहत नाहीत, गुडघे गेलेत. पडवीत बसून त्यांना हेडफोन लावला आणि ती अंधारातली चाळीस मिनिटं ऐकवली. डोळे मिटून ऐकत होते, बोटं मांडीवर ताल धरत होती. दिव्यांचं ते वाक्य तीनदा मागे घ्यायला लावलं. मग म्हणाले, "माझाच बोलणा माका पयल्यांदा आयकूक गावला." बराच वेळ गप्प बसले. मी निघायला उठलो तेव्हा हाक मारली.

"झिला, मृदंगाकडचो माइक पुढच्या खेपेक वायच लांब ठेव. नारदाचा शेवटचा बोलणा दबला."