‘आतून येतं’ एवढंच सांगू नका

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात निसर्गचित्रांचं प्रदर्शन लागलं की चित्रकाराला हमखास एक प्रश्न येतो, ‘तुम्हाला हे सुचतं कसं?’ उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं, ‘आतून येतं.’ हे खोटं नाही, पण अर्धवट आहे आणि शिकणाऱ्या पोरांचं त्यानं नुकसान होतं. ती काहीतरी आतून यायची वाट बघत बसतात, नाहीतर मोबाइलमधला फोटो पुढ्यात ठेवून रंगवत सुटतात.

निसर्गचित्रात सुचणं म्हणजे बरंचसं निवडणं. संध्याकाळी रंकाळा तळ्याच्या चौपाटीवर बसलं की पलीकडं शालिनी पॅलेस, झाडी, आभाळ, पाणी, अलीकडं कट्ट्यावरची माणसं, भेळेच्या गाड्या, सगळं एकदम अंगावर येतं. त्यातलं काय सोडायचं हे रंगाची पेटी उघडायच्या आधी ठरवावं लागतं. वहीत २ बाय ३ इंचांच्या पाच-सहा चौकटी आखा. डोळे किलकिले करून बघा आणि ४बी पेन्सिलनं तीनच छटा भरा : कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. एका चौकटीला तीन-चार मिनिटं पुरे. पहिल्या दोन बहुधा भेटकार्डासारख्या होतात, पॅलेस मधोमध आणि पाण्याची कड बरोबर अर्ध्यावर. चौथ्या-पाचव्या चौकटीत हात वस्तू सोडून आकार बघायला लागतो. लोक ज्याला स्फूर्ती म्हणतात ती मला तिथं दिसते.

मग घाई करावी लागते, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत पंचगंगा घाटावरच्या देवळाची सावली वेगळ्याच पायरीवर जाते. सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलनं बांधून घ्यायच्या आणि नंतर समोर काहीही बदललं तरी त्या हलवायच्या नाहीत. दर अर्ध्या तासाला सावली ‘दुरुस्त’ केली की चित्रात तीन सूर्य उगवतात.

आता जलरंगांचं. घाटाचा दगड काळा म्हणून ट्यूबमधला काळा रंग लावला की भिंत मरते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून करडा करा. उन्हाच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत अल्ट्रामरीन जास्त, कारण सावलीतल्या दगडावर आभाळाचा निळा उतरतो. भिंतीच्या पायथ्याशी उन्हातल्या पायऱ्यांचा उजेड उलटून येतो, म्हणून तिथं थर ओला असतानाच थोडा सिएना सोडायचा. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. अर्धवट वाळलेल्या थरात जास्त पाण्याचा ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग उठतो. कागदाची चमक गेली म्हणजे तो वाळला असं नव्हे. हाताची मागची बाजू हलकेच टेकवा, गार लागला तर थांबा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे थांबणं फार लांबतं, म्हणून कागद लावलेले दोन पाट बरोबर घेऊन आळीपाळीनं काम केलेलं बरं. कागद जाड, चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, शक्यतो सुती घ्या. पातळ कागदाला पाण्यानं पोचे पडतात आणि रंग त्या खळग्यांत साठतो.

सगळ्यात जास्त चुका प्रतिबिंबात होतात. वरचं चित्र उलटं करून खाली छापलं की झालं, असं वाटतं. पण पाण्यात जे दिसतं ते पाण्याच्या पातळीखालून वर बघितल्यासारखं असतं. कमानीची खालची बाजू काठावर उभं राहून दिसत नसली तरी पाण्यात दिसते. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित उजळ येतं. पाण्यावर लहरी असल्या की ते आपल्याकडं उभं लांबत येतं, आडवं पसरत नाही.

फोटोत यातलं बरंच हरवतं. सावली एकतर काळीठिक्कर होते, नाहीतर फोन ती उचलून उजेडाला आणून भिडवतो. रुंद लेन्समुळं समोरचं पाणी भलतंच पसरतं आणि रंकाळ्यातला लांबचा संध्यामठ मुठीएवढा उरतो. आठवणीसाठी फोटो जरूर काढा, छटा मात्र वहीतल्या चौकटीवरूनच घ्या.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगा हेच विषय पुन्हा पुन्हा रंगवले. त्यांना नव्या जागा मिळत नव्हत्या म्हणून नव्हे. एका जागेचा सकाळचा विषय वेगळा, उन्हं कलल्यावरचा वेगळा, पाणी उतरल्यावरचा आणखी वेगळा.

म्हणून कोल्हापूरच्या चित्रकारांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी त्याच्या वहीतल्या पाच-सहा चौकटी लावा, फसलेल्यासुद्धा. खाली वेळ, महिना आणि तोंड कुठल्या दिशेला होतं तेवढं लिहा. ‘सुचतं कसं’ म्हणून विचारणाऱ्या पोराला त्या भिंतीसमोर नेऊन उभं करा.