कात्री लावण्यापूर्वी

अमेरिकेत राहून मराठी चर्चा वाचताना एक वाद वारंवार समोर येतो. जुन्या तमाशापटांत आणि ग्रामीण विनोदी चित्रपटांत जातीवरून किंवा बाईवरून केलेली थट्टा आज खटकते. मग एक पक्ष ती दृश्ये कापायला सांगतो, तर दुसरा ‘काळच तसा होता’ म्हणून विषय मिटवतो. या दोन्ही पक्षांनी २००६ च्या जानेवारीत इथे निघालेल्या काही डीव्हीडी पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

त्या वेळी वॉर्नर या चित्रपट कंपनीने ‘हॅलेलूया’ (१९२९), ‘द ग्रीन पाश्चर्स’ (१९३६) आणि ‘केबिन इन द स्काय’ (१९४३), तर फॉक्स या दुसऱ्या कंपनीने ‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) घरी पाहण्यासाठी बाजारात आणले. चारही चित्रपटांतील कलावंत कृष्णवर्णीय होते आणि ते बनवणारे स्टुडिओ गोऱ्यांचे होते. त्यामुळे काळा माणूस भोळा, देवभक्त आणि जुगारी असल्याचे ठरीव चित्र त्यांत जागोजागी दिसते. वॉर्नरने ते झाकले नाही. चित्रपटापूर्वीच्या निवेदनात असे चित्रण तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे, असे स्वच्छ सांगितले. शिवाय ‘हॅलेलूया’वर डोनाल्ड बोगल यांच्यासारख्या कृष्णवर्णीय चित्रपट-इतिहासकाराचे भाष्य ध्वनिमुद्रित केले. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून अशा डीव्हीडी पुस्तकांसारख्याच घरी नेता येतात, त्यामुळे हे भाष्य सामान्य प्रेक्षकापर्यंतही पोहोचते.

कापण्याचा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु या चित्रपटांच्या काळात कात्री कोणाच्या हाती होती, हे त्यांनी पाहिले पाहिजे. कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री लीना हॉर्न हिला एमजीएम या स्टुडिओने १९४२ मध्ये करारबद्ध केले, पण गोऱ्या नटांच्या चित्रपटांत तिला बहुधा कथेशी संबंध नसलेले एखादे गाणे देण्यात येई, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांत दाखवताना तेवढा तुकडा अलगद काढून टाकता येई. त्या वर्षांत तिला सलग भूमिका मिळाली ती ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ या दोन चित्रपटांत, आणि पहिल्यातलेही तिचे फेसाच्या टबातील गाणे प्रदर्शनापूर्वी कापले गेले. ‘स्टॉर्मी वेदर’च्या शेवटी निकोलस बंधू हे दोघे नर्तक जिन्याच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या घेत उतरतात, तसे नृत्य मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. त्या जिन्याआधी येणाऱ्या खटकणाऱ्या प्रसंगांसाठी अख्खा चित्रपट कपाटात बंद केला असता, तर अन्याय ज्यांच्यावर झाला त्यांचेच काम दुसऱ्यांदा पुसले गेले असते.

हा धडा परका नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तिथल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले, म्हणजे अमेरिकेतील काळ्यांच्या अनुभवाकडे पाहण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. आपल्याकडे पडद्यावर कोणी सिगारेट ओढली की खाली तंबाखूच्या धोक्याची ओळ दाखवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. मात्र जातीवरून केलेल्या अपमानापूर्वी दोन वाक्ये लिहावीत, असे कोणाला सुचत नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या व्हीसीडी माझ्या घरी आहेत, त्यांवर निवेदन नाही, भाष्य नाही आणि कित्येकींवर श्रेयनामावलीही पूर्ण नाही.

अमेरिकेतही सगळेच आलबेल नाही. सिडनी पॉइटिए आणि डोरोथी डँड्रिज या कृष्णवर्णीय कलावंतांचा ‘पोर्गी अँड बेस’ (१९५९) इथे कधीच अधिकृत डीव्हीडीवर आला नाही, आणि ऑनलाइन सेवेवरचा चित्रपट मालकाच्या मर्जीने एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच घरात ठेवता येणाऱ्या प्रतीचा मी इतका आग्रह धरतो.

पुण्यामुंबईत जुन्या तमाशापटाची नवी प्रत काढण्याचे ज्यांच्या मनात असेल, त्यांनी चित्रपट अखंड ठेवावा, चूक काय ती आरंभी लिहावी आणि भाष्यासाठी प्राध्यापकांबरोबरच फडातील कलावंतांना बोलवावे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला दर हंगामात तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात. ज्यांच्या आई-आजीने बोर्डावर उभे राहून आयुष्य काढले, अशी माणसे तिथे भेटतील. पडद्यावरच्या फडात खरे काय आणि खोटे काय, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगावे आणि ते ध्वनिमुद्रण चित्रपटासोबतच द्यावे.