पंधरा हजारांच्या वर पळालेली गाडी घेऊ नका म्हणे!

मावसभावाला पुण्यात हिंजवडीला नोकरी लागली आणि धायरीहून रोज बस बदलत जाण्याचा त्याचा उत्साह पंधरा दिवसांत संपला. सेकंडहँड बाईक घ्यायची ठरलं. बजेट पंचाहत्तर हजार, आणि अट एकच: रविवारी सिंहगडाकडे काढली तर मजा आली पाहिजे. हे घरच्या ग्रुपवर कळायचा अवकाश, काकांनी एक मेसेज टाकला. तसलाच एखादा तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. गोषवारा असा: पहिलीच गाडी ३५० सीसीची घ्या, छोटीचा सहा महिन्यांत कंटाळा येतो. किलोमीटरचं रीडिंग पंधरा हजारांच्या वर असेल तर हात लावू नका. गाडी चकाचक असेल तर मालकाने जपली आहे असं समजा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), फ्युएल इंजेक्शन (इंजिनला पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून देणारं) ही कंपन्यांची फॅडं आहेत, जुनी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा साध्या यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) गाडीच खरी. आणि आरसी व सही केलेले फॉर्म ताब्यात आले की झालं, नाव सवडीने चढवा, इन्शुरन्स गाडीबरोबर येतोच.

खाली अकरा अंगठे. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण काकांशी ग्रुपवर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. इथे लिहितो.

रीडिंगपासून सुरुवात करू, कारण या एका नियमापायी भावाने दोन बऱ्या गाड्या न बघताच सोडल्या होत्या. साधा हिशोब आहे. पुण्यात नोकरीला जाणारा माणूस जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर चालवतो असं धरा. वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे साडेसात हजार. सहा वर्षांत पंचेचाळीस हजार. मग सहा वर्षांची गाडी ‘फक्त नऊ हजार पळालीय’ असं कुणी सांगितलं तर आनंद व्हायचं कारण नाही, शंका यायला हवी. एकतर ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती, नाहीतर मीटरशी खेळ झालाय. केबलवर चालणाऱ्या मीटरची केबल सोडून ठेवायला दोन मिनिटं लागतात, आणि डिजिटल मीटर मागे नेऊन देणारे कारागीरही बाजारात आहेत.

त्यातही उभी राहिलेली गाडी जास्त फसवी, कारण तिच्यात कुणी लबाडी केलेली नसते. मालक खरंच सांगत असतो की फारशी चालवली नाही. पण टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, चिकटा धरतो, टाकीला आतून गंज चढतो, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. फोर्कची (पुढच्या शॉकअपची) ऑइल सील वाळलेली असतात, ती तुम्ही गाडी वापरायला लागलात की महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागतात. त्यापेक्षा रोज चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली, पस्तीस हजार पळालेली १५० सीसी मी डोळे मिटून, म्हणजे डोळे उघडे ठेवूनच, घेईन.

रीडिंग खरं की खोटं हे गाडीच सांगते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नऊ हजार पळालेल्या गाडीला गेल्या वर्षीचे टायर दिसले तर विचारा, का बदलले बुवा? फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय का, ब्रेक पेडलची कड घासून चकाकतेय का, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेत का ते बघा. पुढच्या डिस्कच्या कडेवर नख फिरवा. उंचवटा चांगला जाणवला तर ती डिस्क नऊ हजार किलोमीटरची नाही. सर्व्हिस अधिकृत सेंटरला झाली असेल तर प्रत्येक वेळचं रीडिंग तिथे नोंदलेलं असतं. मालकाला सोबत नेऊन विचारता येतं.

‘चकाचक म्हणजे जपलेली’ हा नियम तर माझ्यासमोरच निकालात निघाला. वारज्यात एक गाडी बघायला गेलो. फोनवर बजावलं होतं की आम्ही यायच्या आधी चालू करू नका. पोचलो तर टाकीत तोंड दिसेल असं पॉलिश, सायलेन्सर झगझगीत. मी सवयीने इंजिनला हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. गरम. ‘आत्ताच दूध आणायला गेलो होतो,’ मालक म्हणाला. ठीक आहे, दूध सगळ्यांनाच लागतं. उद्या सकाळी सातला येतो म्हटलं. सकाळी गाडी खरोखर थंड होती. सेल्फ मारल्यावर चौथ्या खेपेला उठली, आणि भावाने ॲक्सिलरेटर पिळल्याबरोबर मागच्या भिंतीवर निळसर धूर पसरला. निळा धूर म्हणजे इंजिनमध्ये ऑइल जळतंय. व्हॉल्व्हची सील गेली असतील किंवा पिस्टन-रिंगचं काम निघेल. गरम इंजिनवर हा धूर बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून तर दूध.

पॉलिश टाकीला करतात. पडलेल्या गाडीच्या खुणा दुसरीकडे असतात: हँडलची टोकं, क्लच-ब्रेक लिव्हरच्या गोळ्या, फूटरेस्टचं टोक, सायलेन्सरचा खालचा भाग. एका बाजूचं प्लॅस्टिक नवं कोरं आणि दुसऱ्या बाजूचं उन्हाने विटलेलं असेल तर गाडी कुठल्या कुशीवर पडली ते कळतं. इंजिनच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आणि सांध्यातून बाहेर आलेलं सीलंट दिसलं तर इंजिन उघडलंय. उघडणं हा गुन्हा नाही, पण का उघडलं याचं उत्तर मिळालं पाहिजे. डबल स्टँडवर लावून कुणाला तरी मागे दाबायला सांगा, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलं. ते बदलण्याचा खर्च फार नाही, घासाघीस करायला मात्र छान मुद्दा आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ जात असताना हँडल तिरकं दिसत असेल तर टी (फोर्क धरून ठेवणारा भाग) किंवा चासी (गाडीचा सांगाडा) वाकल्याची शंका घ्या. तिथे घासाघीस नको, सरळ घरी या.

आता सीसी. ३५० सीसीच्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दर शनिवारी कोल्हापूर गाठणाऱ्याला त्यांचं वजन हायवेवर सुखाचंच वाटतं. पण तेच वजन हिंजवडीजवळच्या भूमकर चौकातल्या गर्दीत संध्याकाळी सात वाजता आठवून बघा. क्लासिक ३५० भरते १९५ किलो, स्प्लेंडर ११२. दीडशेच्या आसपासच्या बऱ्याचशा गाड्या १३५ ते १४५ किलोंमध्ये येतात. नवशिक्याची गाडी वेगात कमी आणि उभी असताना जास्त पडते: पार्किंगच्या उतारावर वळवताना, सिग्नलला पाय खड्ड्यात पडल्यावर. दोनशे किलो एकदा कलली की थोपवता येत नाही.

ताकदीचंही तेच. युरोपात परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, मग ३५ किलोवॅटपर्यंत, त्यानंतर कितीही. आपल्याकडे ‘गिअरसह’ असा एकच परवाना, तो मिळाला की दुसऱ्या दिवशी काहीही चालवा. चाकणला बनणारी ३९० ड्यूक मॉडेलनुसार साधारण ४३ ते ४६ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), म्हणजे ३२ ते ३४ किलोवॅट. तिकडच्या हिशोबाने ती मधल्या टप्प्याची गाडी, आणि आमच्या ग्रुपवर ती ‘सुरुवातीला बरी’.

आणि मजेचं म्हणाल तर पायथ्याच्या डोणज्याच्या पुढे सिंहगडाच्या वळणांवर दीडशेची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पुरती पिळता येते. गिअर कधी पाडायचा, वळणाआधी वेग किती ठेवायचा हे तिथे हाताला कळतं. मोठी गाडी त्याच वळणांवर नवशिका अर्ध्या ॲक्सिलरेटरवर घाबरत नेतो. बरं, सहा महिन्यांत कंटाळा आलाच तर? विकून टाका. सेकंडहँड घेण्याचा हाच तर फायदा, किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. शिवाय पंचाहत्तर हजारांत ३५० घ्यायची म्हणजे दमलेली ३५० मिळणार. तेवढ्यातच उमेदीतली १५० मिळते.

एबीएसला फॅड म्हणणाऱ्याने जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावर तेल आणि माती एक झालेली असताना, रिक्षा आडवी आल्यावर पुढचा ब्रेक दाबून बघावा. नको, बघू नये. नव्या माणसाचा हात घाबरून पूर्ण आवळला जातो, पुढचं चाक जाम होतं आणि गाडी पायाखालून निघून जाते. तिथे एबीएस कामाला येतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, १२५ पर्यंतच्यांना एबीएस नाही तर सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सोय). म्हणून १५० बघत असाल तर २०१९ च्या एप्रिलनंतरची बघा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. आणि मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो दिवाच बंद केलेला असू शकतो.

कार्ब्युरेटरबद्दल काका अर्धे बरोबर आहेत. वेल्ह्याच्या पुढे गाडी बंद पडली तर कार्ब्युरेटर कुठलाही फिटर उघडून फुंकर मारून देईल, आणि इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली तर ती रुसते. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आल्यावर इंजेक्शन सर्रास झालंय आणि पुण्यात ते जाणणारे फिटर गल्लोगल्ली आहेत. धायरी-हिंजवडीसाठी हा मुद्दा बाद.

राहिली कागदपत्रं, आणि इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, घातक आहे. मी स्वतः विकणाऱ्याच्या बाजूने हे भोगलंय. २०१९ मध्ये माझी जुनी १२५ एकाला दिली, फॉर्मवर सह्या केल्या, त्याने ‘पुढच्या आठवड्यात नाव चढवतो’ म्हणून सांगितलं. नंतर वर्षभर सिग्नल तो तोडत होता आणि चलनाचे मेसेज माझ्या मोबाईलवर येत होते. चलनावर भागलं हे माझं नशीब. अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलंय, आणि त्यातली गाडी तर एकामागोमाग एक हात बदलत गेलेली होती.

घेणाऱ्याने हे उलट्या बाजूने वाचावं. फॉर्म २९ आणि ३० (मालकाचं नाव बदलण्याचे) सह्या करून खिशात ठेवायला नसतात. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आधी मागा, आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय नाव चढत नाही. परराज्यातलं पासिंग असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत), इथला कर, नवा नंबर असं सगळं लचांड पाठी लागतं. पहिल्या गाडीला ते नकोच. पैसे देण्याआधी थकलेली चलनं ऑनलाइन बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

इन्शुरन्स ‘गाडीबरोबर येतो’ यातली गोम अशी की सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. विकणारा ‘अजून दोन वर्षं आहे’ म्हणतो तो बऱ्याचदा एवढाच असतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं नुकसान केलंत तर त्याच्यासाठी. तुमची गाडी चोरीला गेली किंवा आपटली तर त्यात काही नाही. स्वतःच्या गाडीचं कव्हर असलं तरी पॉलिसीवर तुमचं नाव येईपर्यंत क्लेम अडकतो. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून माणसाचा असतो, तो विकणाऱ्याबरोबर जातो.

शेवटी कोथरूडला गाडी मिळाली. २०१९ च्या उत्तरार्धातली दीडशेची, एकाच मालकाची, टाकीवर चावीच्या जुडग्याचे ओरखडे, एक मडगार्ड किंचित चिरलेलं. मालकाने सर्व्हिसची बिलं तारीखवार फाईलला लावून ठेवली होती आणि टायर बदलायला झालेत हे त्याने आपणहून सांगितलं. निम्मे पैसे आधी, निम्मे नाव चढल्यावर, असं ठरलं आणि तसंच झालं. भावाने फोटो ग्रुपवर टाकला. काकांनी रीडिंग विचारलं. तो म्हणाला चौतीस हजार. दोन मिनिटांनी काकांनी तोच मेसेज पुन्हा पाठवला.