बाख खाटकाच्या दुकानात सापडला नव्हता

मार्च उजाडला, जर्मन संगीतकार बाखचा जन्मदिवस जवळ आला, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा मला तो तीन गटांतून आला. त्यात म्हटलंय : योहान सेबास्टियन बाख गेल्यावर जग त्याला साफ विसरलं. पुढे मेंडेल्सझोन नावाचा तरुण संगीतकार खाटकाकडे गेला, तेव्हा मांस बांधून दिलेल्या कागदांवर त्याला स्वरलिपी दिसली. ती होती ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, येशूच्या अखेरच्या यातनांची कथा सांगणारी बाखची मोठी गायनरचना. विशीतल्या त्या पोराने एकहाती ती १८२९ साली बर्लिनमध्ये सादर केली आणि बाख पुन्हा जिवंत झाला.

यातलं बर्लिन खरं, १८२९ खरं आणि वयही खरं. मेंडेल्सझोनचा जन्म १८०९ चा, हँबुर्गचा.

खाटकाचं आधी उरकून घेऊ. पुडीच्या कागदात अमर कलाकृती सापडणं ही कल्पना आपल्यालाही फार आवडते, पण इथे तसं काही घडलेलं नाही. बाखने स्वतःच्या हाताने लिहिलेली, बायबलमधले शब्द तांबड्या शाईत असलेली प्रत त्याच्या मुलाकडे गेली, पुढे संग्राहकांकडे, आणि आज ती बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहे. मेंडेल्सझोनच्या हाती आली ती नक्कल. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना आजीने, बेला सालोमोनने, ती त्याच्यासाठी मुद्दाम करवून घेतली होती.

आता ‘जग विसरलं’ हे पाहू. बाखची मोठी गायनकामं जाहीर कार्यक्रमांतून दिसेनाशी झाली होती, एवढं मान्य. पण १७८३ मध्ये बॉनमधल्या पोरसवदा बेथोव्हेनबद्दल छापून आलं, ते हेच की तो ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’ हा बाखच्या कळवाद्यावरच्या रचनांचा संग्रह वाजवतो. १७८९ मध्ये मोझार्टने लाइपझिगला बाखचं एक मोटेट, म्हणजे गायकवृंदासाठीचं धार्मिक गीत, ऐकलं आणि हरखून त्याच्या प्रती मागवून घेतल्या. १८०२ मध्ये संगीताचा इतिहासकार फोर्केलने बाखचं चरित्र छापलं. विसरलेल्या माणसाचं चरित्र कोण छापतं?

खरी गंमत मेंडेल्सझोनच्या घरातच आहे. आपल्याकडे घराण्यातल्या चिजा जशा गुरूकडून शिष्याकडे जातात, तसा बाख बर्लिनमध्ये टिकून होता. आजीची बहीण सारा लेव्ही ही बाखच्या थोरल्या मुलाची, विल्हेल्म फ्रीडमानची शिष्या. ती हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं कळवाद्य वाजवायची, बाख कुटुंबाच्या संगीताची हस्तलिखितं जमवायची आणि झिंग-अकाडेमी या गायनसंस्थेत वादनही करायची. ही संस्था काढणारा फाश हा राजदरबारात बाखच्या दुसऱ्या मुलाचा सहकारी होता. फाशचा शिष्य झेल्टर, आणि झेल्टरचा शिष्य मेंडेल्सझोन. झेल्टर मुळात गवंडीकाम शिकलेला माणूस. तो संस्थेच्या तालमींत बाखची मोटेटं कित्येक वर्षं गाऊन घेत होता. खाटकाच्या गोष्टीने ही सगळी माणसं पुसून टाकली आहेत. आजी आणि तिची बहीण या दोघींना तर मजकुरात नावापुरतीही जागा नाही. माझा राग त्याचाच आहे.

‘एकहाती’ हेही असंच. पॅशन जाहीर करायची म्हणून मेंडेल्सझोनच्या मागे लागला तो त्याचा मित्र, गायक एदुआर्ट डेव्ह्रिएंट. त्यानेच आठवणींत लिहून ठेवलंय की दोघं संस्थेची परवानगी मागायला गेले तेव्हा झेल्टर करवादला, ‘शेंबडी पोरं’ अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि शेवटी कसाबसा राजी झाला. ११ मार्चला येशूची भूमिका डेव्ह्रिएंटनेच गायली. मेंडेल्सझोनची बहीण फानी गायकवृंदात होती. संगीत समीक्षक ए. बी. मार्क्सने आपल्या संगीतविषयक नियतकालिकातून आधीच वातावरण तापवलं होतं. तिकिटं संपली, कित्येकांना परत जावं लागलं. श्रोत्यांत तत्त्वज्ञ हेगेल होते. आणि त्याच वर्षी मे महिन्यात फ्रांकफुर्टमध्ये शेल्बलेने आपल्या गायनमंडळाकडून हीच पॅशन गाऊन घेतली. तीही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती.

म्हणजे मेंडेल्सझोनचं श्रेय काढून घ्यायचं का? मुळीच नाही. दिवाणखान्यात आणि तालमीच्या खोलीत जपलेलं संगीत भरल्या सभागृहात उभं करायला छाती लागते. शिवाय ते श्रोत्यांना पेलेल असं करावं लागतं. त्याने बऱ्याच आरिया, म्हणजे एकल गाणी, गाळल्या, ओबो या फुंकवाद्याच्या जुन्या प्रकारांच्या जागी क्लॅरिनेट घेतले. आज कुणी असं केलं तर शुद्धतावादी अंगावर येतील. पुढे १८३५ पासून लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा तो प्रमुख झाला, तेव्हाही जुनं संगीत नव्या श्रोत्यांपुढे ठेवायची सवय सुटली नाही. १८४० मध्ये तिथल्या थॉमस चर्चमध्ये त्याने एकट्याने ऑर्गनवर बाख वाजवला, बाखच्या स्मारकासाठी पैसे जमवायला. ‘एकट्याने’ हा शब्द वापरायचाच तर तो त्या मैफलीला वापरा.

पॅशनचा दुसरा प्रयोग २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी झाला. तिसरा गुड फ्रायडेला. तोवर मेंडेल्सझोन इंग्लंडला निघून गेला होता. संचालनाला उभा राहिला झेल्टर.