अराता इझुमीला भाडोत्री म्हणण्याआधी

गेल्या रविवारी सराव संपला आणि मुलं कापणी झालेल्या शेताच्या मेरेवर पाणी पीत बसली. आमचा सातवीतला उजवा बॅक हातात मोबाइल घेऊन आला. “बाई, हे खरं?” मोबाइल त्याच्या मामांचा. निरोप त्यांनीच गावच्या फुटबॉल ग्रुपवर टाकलेला. मला तो एव्हाना आणखी तीन ठिकाणांहून आला होता, एकदा तर नातेवाइकांच्या ग्रुपवर, गणपतीच्या फोटोंच्या मध्येच.

निरोपाचं म्हणणं थोडक्यात असं. अराता इझुमी नावाच्या जपानी खेळाडूला त्याच्या देशात कोणी विचारलं नाही म्हणून तो भारतात आला. जास्त पैसे देईल त्या क्लबाकडे दरवर्षी भाडोत्र्यासारखा फिरला. दोन देशांचे पासपोर्ट खिशात ठेवून भारताकडून खेळला आणि देशाला काहीच दिलं नाही. शेवटी गाडी गोव्यावर येते: पोर्तुगीज पासपोर्ट काढणारे आपले खेळाडू त्याच माळेचे मणी, दोन देशांशी नातं सांगणारा माणूस एकाही देशाचा नसतो.

त्या मुलाला मी तिथे पाच मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. पण निरोप अजून फिरतोच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दोन पासपोर्टांचं, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. हे साफ खोटं आहे. भारताचं नागरिकत्व एकेरी आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. जपानचा कायदाही याबाबतीत तितकाच कडक आहे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचं जपानी नागरिकत्व संपतं. इझुमी 1982 साली शिमोनोसेकीत जन्मला, आई जपानी आणि वडील गुजराती वंशाचे. 2012 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, तो भारताचा नागरिक झाला आणि जपानचा राहिला नाही. नीलकंठ खंभोळजा हे त्याचं भारतीय नाव. पुढच्या वर्षी तो भारताच्या संघात खेळला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताची जर्सी घालणारा पहिला फुटबॉलपटू म्हणून त्याचीच ओळख आहे.

जपानचा पासपोर्ट सोडणं म्हणजे काय, ते गोव्यात तरी समजावून सांगायला नको. युरोपचा पासपोर्ट मिळावा म्हणून आजोबांचा जन्मदाखला शोधत नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. ज्या पासपोर्टावर जगातले बहुतेक देश व्हिसाशिवाय दार उघडतात, तसा हातातला पासपोर्ट या माणसाने परत केला आणि आपला निळा घेतला. तिशीतला मिडफिल्डर, पुढे खेळायची किती वर्षं उरली होती? हा सौदा फायद्याचा होता असं कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा हिशोब मांडून दाखवावा.

एक गोष्ट मी कबूल करते, कारण ती खरी आहे. भारतीय झाल्यावर तो क्लबाच्या परदेशी खेळाडूंच्या कोट्यातून बाहेर पडला, आणि क्लबाच्या दृष्टीने अशा खेळाडूची किंमत वाढते. तेवढा लाभ झाला असणार. पण तेवढ्यासाठी कोणी जन्मभूमीचं नागरिकत्व कायमचं सोडत नाही.

याच मुद्द्याला चिकटून दुसरा गैरसमज येतो, की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं म्हणजे भारताकडून खेळता येतं. त्या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ शब्द आहे, पण ते नागरिकत्व नाही. कार्डधारकाला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि 2008 सालापासून क्रीडा मंत्रालयाचं धोरण आहे की भारताच्या संघात भारतीय पासपोर्ट असलेलेच खेळतील. कार्डधारकाला नागरिक व्हायचं तर कार्ड मिळून पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवं. म्हणजे त्यासाठी इथे येऊन राहावं लागतं, इथला पाऊस, इथली मैदानं, इथला पगार घेऊन.

एवढं करूनही लगेच खेळता येतं असं नाही. बंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स पर्थमध्ये जन्मला, त्याचं आजोळ मुंबईचं. त्याच्या आईचे वडील मुंबईकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून तो 2019 मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. 2025 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. नोव्हेंबरात संघाबरोबर ढाक्याला गेलासुद्धा, पण एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्याकडे जायचे कागद वेळेत आले नाहीत. बांगलादेशने आपल्याला 1-0 हरवलं आणि रायन बाहेरच राहिला. पासपोर्ट खिशात असूनही.

आता क्लब बदलण्याचं. मला सर्वांत जास्त लागलं ते इथे, कारण हा आरोप करणाऱ्याने गेल्या वीस वर्षांत भारतीय फुटबॉलचं काय झालं ते पाहिलेलंच नाही, आणि गोव्यात राहून पाहिलं नाही याचं तर फारच वाईट वाटतं.

इझुमी 2006 मध्ये ईस्ट बंगालकडे आला. मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे दोन हंगाम. 2009 पासून 2014 पर्यंत तो पुणे एफसीत होता. एकाच क्लबात पाच वर्षं. भाडोत्री माणूस दरवर्षी फिरतो म्हणणाऱ्याने ही पाच वर्षं कुठे टाकली? त्यानंतर आयएसएलमध्ये, म्हणजे 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये, कोलकात्याचा एटीके, एफसी पुणे सिटी, केरळ ब्लास्टर्स, आणि शेवटाकडे इम्फाळचा नेरोका.

आता या क्लबांकडे पाहा. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसी 2015 मध्ये. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला. एटीके 2020 मध्ये मोहन बागानमध्ये विलीन झाला. खेळाडू घर सोडून गेला म्हणता, तर मागे वळून पाहिल्यावर घरच जागेवर नाही.

शिवाय 2014 ते 2017 या काळात आयएसएल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि आधीपासूनची राष्ट्रीय स्पर्धा आय-लीग जानेवारीपासून, असं वर्षाचे दोन तुकडे पाडलेलं कॅलेंडर होतं. त्यामुळे कितीतरी भारतीय खेळाडू एकाच वर्षात दोन जर्सी घालत. ती त्यांची हौस नव्हती, तशी व्यवस्थाच होती. त्या चार वर्षांतली कुठल्याही खेळाडूची यादी काढा, ती लांबच दिसेल.

आणि आपल्या गोव्याच्या क्लबांचं काय झालं? धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता, दोनदा आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग आणि तीनदा आय-लीग. साळगावकर 1999 चा आणि 2011 चा विजेता. या दोघांनी आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. एका वर्षात गोव्याचे तीन संघ राष्ट्रीय स्पर्धेतून गेले. पहाटे फटफटीवर वास्कोला, मडगावला सरावाला जाणारी पोरं मग कुठे गेली? कोणी पुण्याला, कोणी बंगळुरूला, कोणी कोलकात्याला. कोणी दुकानात, कोणी बोटीवर. त्यांना आपण भाडोत्री म्हणत नाही. मग इझुमीला कोणत्या तोंडाने म्हणायचं?

जपानमध्ये कोणी विचारलं नाही, यावर फार लिहायला नको. तो तिथला मोठा खेळाडू नव्हता, हे खरं. सिंगापूरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या अल्बिरेक्स निगाताच्या संघात होता, जपानमध्ये एका कंपनीच्या संघातून खेळला. पण जिथे संधी मिळेल तिथे जाऊन कष्ट करणं हा दोष कधीपासून झाला? आपल्या गोव्याची निम्मी घरं याच रीतीने उभी राहिली आहेत.

देशाला काहीच दिलं नाही, या वाक्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. भारताकडून त्याचे सामने बोटांवर मोजण्याइतकेच. तिशीनंतर सुरुवात झालेल्याचे आणखी किती होणार? पण देणं म्हणजे फक्त राष्ट्रीय संघातले सामने नव्हेत. 2012-13 चा हंगाम आठवा. आपला चर्चिल ब्रदर्स आय-लीग जिंकला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर पुणे एफसी होता, इझुमीचा पुणे. महिंद्रा आणि पुणे या दोन्ही संघांना शिकवणारा डेरिक परेरा आपल्याच गोव्याचा, साळगावकरचा जुना बचावपटू. खेळ थांबल्यावर इझुमी परत जपानला गेला नाही, रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत नवी मुंबईला मुलांना शिकवायला लागला. मीही मुलांना शिकवते. बारा वर्षांच्या पोराला चेंडू येण्याआधी मान वळवून बघायची सवय लावायला किती महिने जातात ते मला माहीत आहे. अशा कामाला ‘काहीच दिलं नाही’ म्हणणं मला पटत नाही.

राहिला गोवा. दोन देशांशी नातं असणारा एकाचाही नसतो, हे वाक्य गोव्यात लिहिणाऱ्याने नेव्हिल डिसोझाचं नाव ऐकलं नसावं. तो आसगावात जन्मला, तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध आपला एकमेव गोलही त्याचाच. भारत चौथा आला. आणि त्या दिवशी आसगाव भारतात नव्हता! गोव्याच्या मुक्तीला अजून पाच वर्षं होती. कोलवाळचा फोर्च्युनातो फ्रँकोही पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मलेला, तो 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता. या दोघांची निष्ठा त्यांच्या जन्मदाखल्यावरच्या शिक्क्याने ठरवायची का?

आताच्या मुलांकडे येते. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालात जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. ज्याने घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व जातं, आणि 2008 च्या धोरणामुळे भारताची जर्सीही. म्हणजे निरोपातला दोन्हीकडून खेळणारा गोमंतकीय खेळाडू अस्तित्वातच नाही.

आमच्या शाळेचा एक डावा बॅक होता. डावा पाय असा की कोपऱ्यावरून मारलेला चेंडू गोलीच्या मुठीपुढून वळून जायचा. डिचोली तालुक्यातलं घर, वडिलांचा खाणीवर ट्रक. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा पोरगा दहावीत होता. ट्रक वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभा होता, चाकांखालून गवत वर आलं होतं, आणि बँकेचा हप्ता थांबत नव्हता. पुढची काही वर्षं त्याने एका क्लबाच्या राखीव संघात काढली. मग 2016 आलं. आजोबांचा दाखला काढायला मी त्याच्याबरोबर गेले होते. जाड कागद, पोर्तुगीजमध्ये तिरक्या अक्षरांत लिहिलेला, शाई तपकिरी झालेली. आजोबांचं नाव मराठी, पण लिहिणाऱ्याने ते असं लिहिलं होतं की दोनदा वाचून कळलं. बाहेर येऊन तो पायरीवर बसला आणि एवढंच म्हणाला, “बाई, म्हणजे आता भारताकडून खेळायचं संपलं ना?” मी हो म्हटलं. भारताच्या संघापर्यंत तो पोचला असता की नाही, देव जाणे. पण तो प्रश्न त्याने विचारला, पासपोर्ट हातात यायच्याही आधी.

आता तो इंग्लंडमधल्या स्विंडनला एका गोदामात रात्रपाळी करतो. ट्रकचं कर्ज फिटलं. रविवारी तिथल्या गोवेकरांच्या संघातून खेळतो आणि आमच्या शाळेचा सामना असला की मला फोन करून निकाल विचारतो. मागच्या वर्षी मुलांसाठी बारा जोड बूट पाठवले. ज्या मुलाने परवा मला तो निरोप दाखवला, त्याच्या पायात त्यातलाच एक जोड होता.

मामा, हे सगळं मी तुमच्या ग्रुपवरही टाकते आहे, त्या निरोपाच्या खालीच. काही चुकलं असेल तर तिथे लिहा, मी दुरुस्त करीन. नाहीतर रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर या. भाचा तुमचा चांगला खेळतो, फक्त उजव्या बाजूने वर गेल्यावर मागे परतायला उशीर करतो.