कॅरॅव्हॅनच्या मुक्कामाबद्दल खुलासा

‘स्वीडनमध्ये कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) कुठेही लावून राहायचा कायदेशीर हक्क आहे’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मीही पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची माहिती नंतर नीट वाचली (आधीच वाचायला हवी होती). तिथे आहे तो निसर्गात मुक्त फिरण्याचा हक्क, आणि तो पायी, सायकलने जाणाऱ्यांचा, तंबूवाल्यांचा. गाडी रस्ता सोडून रानात घालता येत नाही.

जर्मनीत थकवा घालवण्यापुरती एक रात्र साध्या पार्किंगमध्ये चालते, पण खुर्च्या मांडल्या, छत ओढलं की ते कॅम्पिंग! नेदरलँड्समध्ये बहुतेक ठिकाणी तेवढंही नाही. फ्रान्समधले मोटरहोमचे (स्वतःचं इंजिन असलेल्या राहायच्या गाडीचे) थांबेही ओढायच्या कॅरॅव्हॅनला सहसा घेत नाहीत.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.